ब्रेकले सांगतलं का?

या वीकेंडचा विषय जरा तेलकट आहे, तेव्हा ज्यांना पांढऱ्या कपड्यात वाचायची सवय आहे त्यांनी बेतानं पुढे यावं. चारचाकी गाडीचं सस्पेन्शन उंच केलं की तिच्या ब्रेकचं काय होतं, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजचा आहे. मला मात्र तो इतिहासाचा वाटत आलाय, आणि तोही माझ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाचा. पोटापाण्यासाठी मी पुण्यात बसून कोड लिहितो. पण कुठल्याही सिस्टिममधलं एक गृहीतक गुपचूप बदललं की भलत्याच ठिकाणी काय फुटतं, याचं मला माहीत असलेलं सर्वात चांगलं उदाहरण कॉम्प्युटरमधलं नाही. ते आलापल्लीच्या रस्त्यावरचं आहे.

हौसेखातर गाडी उंच करणारी मंडळी आता मुंबई-पुण्यात रग्गड झालीत. मोठे टायर, उंच स्प्रिंग, पुढे विंच, आणि रविवारी लोणावळ्याच्या चिखलात फोटो. आमच्याकडे गाड्या उंच झाल्या त्या गरजेपोटी, आणि बऱ्याच आधीपासून. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त जंगल. आणि कित्येक दशकं एवढ्या जिल्ह्यात रेल्वे म्हणजे उत्तरेच्या टोकाला वडसा, म्हणजे देसाईगंज, स्टेशन. तिथून सिरोंचा गाठायचं तर अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता, मध्ये नाले, आणि नाल्यांवर पुलाऐवजी रपटे. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीला लागूनच टाकलेला सिमेंटचा पट्टा. पाऊस नसताना त्याला रस्ता म्हणायचं आणि पाऊस असताना नदी. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि तालुक्याचा जगाशी संबंध तुटायचा. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तर पावसाळ्याचे काही महिने पलीकडे जाणं हा प्रश्नच उद्भवत नसे.

आणि चाकोरी. हा शब्द आपण शहरात 'चाकोरीबाहेरचं जीवन' वगैरे म्हणताना वापरतो. जंगलात ती खरोखरची असते. बैलगाड्यांच्या चाकांनी मातीत पाडलेल्या दोन खोल खाचा आणि मध्ये उंच राहिलेला वरंबा. या वरंब्यावर मोटारीचं पोट घासतं. झालं, इथून पुढे गाडी उंच करण्याची सगळी गोष्ट सुरू होते.

आता थोडं मागे जाऊ. १९४० साली अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला, पण मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडे, आणि १९४१ पासून जी गाडी लाखोंनी बाहेर पडली ती जीप. इकडे मुंबईत १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. (दोन्ही नावांचं आद्याक्षर एकच असल्यामुळे 'एम अँड एम' तसंच राहिलं. असं नशीबवान रिनेमिंग आमच्या प्रोजेक्टात कधी होत नाही.) स्वातंत्र्याच्या सुमारास या कंपनीने विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून माझगावला जोडायला सुरुवात केली, आणि १९५४ पासून टप्प्याटप्प्याने त्या इथेच बनू लागल्या. विलीजने १९५३ साली काढलेलं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल भारतात पुढे कित्येक दशकं चाललं.

जंगल जिल्ह्यांत सरकार पोचलं ते या गाडीवर बसून. रेंजर, तहसीलदार, बीडीओ, मलेरियावाले, निवडणुकीच्या पेट्या, युनिसेफच्या मदतीतून प्राथमिक आरोग्य केंद्रांना मिळालेल्या गाड्या. 'जीप आली' याचा अर्थ 'सरकार आलं' असा घेतला जायचा, आणि तो नेहमीच आनंदाने घेतला जायचा असं नाही.

या जीपचे ब्रेक कसे होते ते समजून घेण्यासारखं आहे. चारही चाकांना नऊ इंची ड्रम, हायड्रॉलिक. म्हणजे पायाखालच्या पेडलने मास्टर सिलिंडरमधलं तेल दाबायचं, तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकातल्या छोट्या सिलिंडरला पोचतो, आणि ते सिलिंडर ब्रेक-शू ड्रमवर दाबतात. ही कल्पना ज्याने चालवून दाखवली तो माल्कम लॉकहीड. हो, विमानवाल्या लॉकहीड भावांपैकीच. अमेरिकेत १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. वीस वर्षांनी तेच तंत्र जीपमध्ये सैन्याच्या कामाला लागलं. पुढच्या चाकांचे सिलिंडर एक इंची, मागचे पाऊण इंची. हा फरक मुद्दाम. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागे ब्रेक कमी हवा. नाहीतर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी ढुंगण फिरवते.

म्हणजे पुढे किती आणि मागे किती, हे गणित जीपमध्ये सिलिंडरच्या मापात कायमचं कोरलेलं होतं. आमच्या भाषेत हार्डकोडेड. ते कोरताना कारखान्याने गाडीची एक उंची, एक वजन आणि टायरचं एक माप गृहीत धरलं होतं.

शिवाय सगळं एकाच सर्किटवर. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसिसला लावलेला, म्हणजे चिखलपाण्याच्या वाटेत. आणि ड्रमची खोड अशी की नाल्यातून गाडी काढली की आत पाणी शिरतं, लायनर ओले होतात आणि पलीकडच्या काठावर पेडल दाबलं तर गाडी थांबत नाही, नुसती विचार करते. म्हणून जुने ड्रायव्हर नाला ओलांडला की शंभरेक पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी ओढत न्यायचे, लायनर तापून कोरडे होईपर्यंत. ही रीत कुठल्याही शाळेत न शिकवता अख्ख्या जिल्ह्याला येत होती.

जीपचा हँडब्रेक मात्र फार हुशारीने बसवलेला. तो चाकात नव्हताच. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केसला, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर होता. चालत्या गाडीत खेचला तर शाफ्टच्या सांध्यांना हिसका बसायचा. पण तो चॅसिसला लागून असल्यामुळे गाडी खालून कितीही उंच करा, त्याला पत्ताच लागायचा नाही. नंतरच्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या ड्रममध्ये गेला, त्याला लांब केबल आली, आणि उंचीशी त्याचं भांडण सुरू झालं.

आता उंच करायचं कसं? जीप काय, पुढे १९८५ च्या अखेरीस आलेली मारुती जिप्सी काय, दोन्हींना चारही बाजूंना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. आणि दोन्हींत हे पाटे ॲक्सलच्या खालून गेलेले. आपल्याकडे उंची वाढवण्याच्या तीन पद्धती चालत आल्या. एक, पाट्याच्या टोकाचे शॅकल लांब करायचे. यात शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी साधारण एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. दोन, पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे. हा मोठा उपद्व्याप, गाडी एकदम चार-पाच इंच वर. आणि तीन, सर्वात सोपी नि सर्वात जास्त झालेली: आणखी एक-दोन पाटे घालायचे.

(इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. या तिन्ही पद्धतींनी गाडीचं पोट वर जातं, पण ॲक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा तिथेच राहतो जिथे टायर त्याला ठेवतो. चाकोरीतल्या वरंब्याला आधी घासतो तो हाच गोळा. त्याला वर न्यायचं तर मोठा टायर हवा. म्हणून सस्पेन्शन उचललं की पाठोपाठ टायर येतोच.)

तिसरी पद्धत नीट बघायला हवी, कारण आमच्या भागातला खरा इतिहास तिथे आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत रस्ते थोडे सुधारले, एस.टी. दिवसातून एकदोनदाच यायची, आणि मधली जागा भरून काढली काळी-पिवळीने. महिंद्रच्या लांब जीपा, कमांडर, मार्शल, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स. पासिंग नऊ-दहा माणसांचं, आत बसलेली सोळा-अठरा, मागच्या पायरीवर उभी ती वेगळी, टपावर तांदळाची पोती आणि आठवडी बाजाराच्या कोंबड्या. इतका भार घेतला की मागचे पाटे सपाट होतात, गाडी मागे बसते, टायर मडगार्डला घासतो. मग मालक चंद्रपूर, बल्लारपूर, नाहीतर आष्टीच्या गॅरेजात जाऊन म्हणायचा, मागे दोन पाटे वाढव. गाडी उंच दिसायची, भरल्यावर बसायची नाही. मालक खूश. कुणी त्याला 'सस्पेन्शन लिफ्ट' म्हणत नसे, पण ते तेच होतं.

चंद्रपुरात एक म्हातारे मिस्त्री आहेत, नाव सांगितलं तर रागावतील. पाटे वाढवून घेतलेलं नवं गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी उचलली तं उचलली भाऊ, पण ब्रेकले सांगतलं का?" गिऱ्हाईक हसतं. मिस्त्री हसत नाहीत, खाली वाकून बॅटरी मारतात.

ते आधी बघतात होज. चॅसिसवरच्या ब्रेकच्या नळ्या लोखंडी असतात, ॲक्सलवरच्याही लोखंडी. पण चॅसिस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर रस्त्याबरोबर सारखं कमीजास्त होत असतं, म्हणून त्या दोघांना जोडायला मध्ये रबरी होज. मागच्या ॲक्सलसाठी बहुधा असा एकच तुकडा असतो. गाडी चार इंच उंच झाली की या तुकड्याचा सगळा ढील संपतो. सपाट जागेवर उभी असताना सगळं ठीक दिसतं. पण गाडी खड्ड्यात आडवी झाली, एक चाक लोंबकळलं, की होज तारेसारखा ताणला जातो. एकदा ताणून तुटत नाही, शंभरदा ताणून आतून चिरतो. मग एक दिवस पेडल सरळ जमिनीला. जुन्या एका सर्किटच्या जीपमध्ये याचा अर्थ चारही चाकं मोकळी.

उपाय साधा आहे. लांब होज घाला किंवा होज जिथे चॅसिसला धरला आहे तो ब्रॅकेट तेवढाच खाली घ्या. आणि तपासायचं ते चाकं जमिनीवर असताना नव्हे. गाडी चॅसिसखाली टेकू देऊन उचलायची, ॲक्सल पूर्ण खाली लोंबू द्यायचा, पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवायची, आणि तरीही होजमध्ये वळण शिल्लक आहे का ते बोटाने बघायचं. होज उघडला म्हणजे तेलात हवा शिरली, तेव्हा प्रत्येक चाकाची एअर काढायची. सगळ्या कामाला अर्धा दिवस लागतो. गाडी उचलायला लागलेल्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ, आणि तरी नेमका तोच राहून जातो.

इथवर सगळं डोळ्यांना दिसणारं आहे. आता न दिसणारं.

१९५५ साली फ्रान्समध्ये सित्रोएनची डीएस नावाची मोटार आली. तिला स्प्रिंगच्या जागी तेल आणि वायूचं सस्पेन्शन होतं. त्या इंजिनिअरांनी विचार केला, की मागे किती वजन आहे हे सस्पेन्शनमधल्या दाबाला आपोआप कळतंच आहे, मग मागच्या ब्रेकने तोच दाब का वापरू नये? मागच्या सीटवर माणसं बसली की सस्पेन्शनचा दाब वाढतो आणि मागचा ब्रेकही तेवढा जोरदार होतो. जीपच्या कोरलेल्या गणितापुढचं हे पाऊल होतं. आता गाडी स्वतःचं वजन विचारून ब्रेक लावत होती.

साध्या पाट्यांच्या गाड्यांना हा चमत्कार परवडणारा नव्हता. त्यांच्यासाठी स्वस्त भाऊबंद निघाला: चॅसिसला एक व्हॉल्व्ह, त्याला एक स्प्रिंगची दांडी, दांडीचं दुसरं टोक मागच्या ॲक्सलला. गाडी भरली की चॅसिस खाली बसते, अंतर कमी होतं, दांडी वळते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की अंतर जास्त, व्हॉल्व्ह मागचा दाब अडवतो, म्हणजे हलकी मागची चाकं जाम होत नाहीत. गॅरेजमध्ये याला 'एलएसपीव्ही' म्हणतात, नाहीतर नुसतं 'लोडवाला व्हॉल्व'. जिप्सीच्या परदेशातल्या सख्ख्या भावाला, सुझुकी सामुराईला, तो होता. आपल्याकडच्या पिकअपमध्येही तो सर्रास दिसतो. आपल्याकडे ब्रेकचे भाग बनवणारी ब्रेक्स इंडिया १९६२ साली मद्रासजवळ पाडीला इंग्लंडच्या गर्लिंगच्या भागीदारीत सुरू झाली होती. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजूनही सिलिंडरला 'गर्लिंग' म्हणतात, ते बहुधा तेव्हापासूनचं.

आता व्हॉल्व्हच्या जागी बसून बघा. त्याला वजनाची काहीच जाण नाही. त्याला फक्त अंतर कळतं, आणि अंतरावरून तो वजनाचा अंदाज करतो. गाडी चार इंच उचलली की त्याच्या हिशेबी ती कायमची रिकामी. सोळा माणसं बसवा, पोती टाका, व्हॉल्व्ह म्हणणार गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक अडवतो. म्हणजे ज्या घडीला मागची चाकं सर्वात जड आहेत आणि सर्वात जास्त काम करू शकतात, नेमक्या त्याच घडीला त्यांना रजा. सगळा भार पुढच्या ब्रेकवर. लांब उतारावर पुढचे ब्रेक तापतात, त्यांचं तेल तापतं. डॉट-३ जातीचं ताजं तेल २०५ अंशांना उकळतं, पण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं झालं की तोच आकडा १४० वर येऊ शकतो. तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही.

त्यात उंचीचं स्वतःचं गणित आहेच. समजा गाडी १२०० किलोची, दोन ॲक्सलमधलं अंतर २४० सेंटीमीटर, गुरुत्वमध्य ६५ सेंटीमीटरवर. जोरात ब्रेक मारला (०.६ जी धरू) तर मागून पुढे सरकणारा भार १२०० × ०.६ × ६५ ÷ २४०, म्हणजे १९५ किलो. गाडी दहा सेंटीमीटर उचलली तर २२५. फरक ३० किलोचा, फार नाही. टायर २८ इंचांचा ३१ झाला तर तेवढ्याच थांबण्यासाठी ब्रेकला अकरा टक्के जास्त जोर लागतो. हे दोन्ही चटके सोसण्यासारखे आहेत. व्हॉल्व्हचा गैरसमज सोसण्यासारखा नाही.

यावरचा उपाय कागदावर सोपा. गाडी उचलण्याआधी, ती रिकामी असताना, दांडीचा कोन मोजून खूण करून ठेवायची. उचलल्यावर दांडी लांब करून किंवा ब्रॅकेट सरकवून तोच कोन परत आणायचा. व्हॉल्व्हच्या जगात काही घडलंच नाही. दहावीच्या भूमितीत y = mx + c शिकलो होतो ना, तसं. नुसती उंची बदलली तर फक्त c बदलतो, आणि तो ब्रॅकेटने भरून काढता येतो.

पण आमच्या काळी-पिवळीने उंची बदलली होती पाटे वाढवून. पाटे वाढले की स्प्रिंग कडक होते. पूर्वी पूर्ण भरल्यावर गाडी समजा आठ सेंटीमीटर बसत असेल, तर आता तीनच बसते. म्हणजे इथे m सुद्धा बदलला! असल्या गाडीवर ज्या कुणी व्हॉल्व्ह असेल, त्याला पूर्ण भरलेली गाडी अर्धी रिकामी वाटणार, दांडी कितीही नीट लावा. भरलेल्या गाडीसाठी कोन जुळवला तर रिकाम्या गाडीत मागचा ब्रेक जास्त पडतो, आणि रिकाम्यासाठी जुळवला तर भरल्यावर कमी. दोन्ही साधणारी एकही जागा उरत नाही. त्यासाठी दांडीची स्प्रिंगच बदलायला हवी, आणि ती कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात 'दोन पाटे जादा' मापाची मिळत नाही.

मग लोक काय करतात? दांडी सोडवतात आणि व्हॉल्व्हचा लिव्हर तारेने 'फुल लोड' कडे ओढून बांधून टाकतात. मागचा ब्रेक कायम पूर्ण. भरलेली गाडी झकास थांबते आणि मालक मिस्त्रीचं नाव काढतो. संध्याकाळी बाजार उठल्यावर तीच गाडी रिकामी परत येते, पाऊस पडून गेलेला असतो, वळणावर बैल आडवा येतो, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात. तारेचा तुकडा फुकटात मिळतो हेच त्याचं सगळ्यात वाईट. मिस्त्रीबुवा पाटे वाढवलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेच्या मधोमध लावतात, मागचे लायनर-ड्रम एकदम टापटीप ठेवायला लावतात, ओल्या मोकळ्या मैदानावर वीस-पंचवीसच्या वेगाने ब्रेक मारून कुठली चाकं आधी घसटतात ते स्वतः बाहेर उभं राहून बघतात. पुढची आधी घसटली तर गाडी सोडतात. आणि वर गिऱ्हाईकाला सांगतात, दोन पाटे काढ आणि चार माणसं कमी बसव. त्यांचं पहिलं ऐकतात, दुसरं कुणी ऐकत नाही.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ वर ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कारखान्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. सस्पेन्शन लिफ्टवाल्या हौशी मंडळींमध्ये त्यावर बरीच रडारड झाली. मला निकाल पटतो. कारखान्याने ब्रेकचं गणित ज्या उंचीला धरून केलं, ती उंची बदलणाऱ्याने ते गणित पुन्हा करावं लागतं, आणि हजारात एखादाच करतो. फक्त एक खटकतं. हौसेची उंच जीप पोलिसाला लांबून दिसते. दोन पाटे वाढवलेली, मूळ टायरवरची, सोळा माणसांची गाडी कागदोपत्री मूळ रचनेतलीच दिसते, आणि जास्त माणसं मरण्याची शक्यता तिच्यात आहे.

योगायोगाने २०१९ हेच साल जिप्सीच्याही शेवटाचं. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आणि जिप्सीची सर्वसामान्य विक्री त्याच सुमारास थांबली. आमच्याकडे याचा सगळ्यात मोठा धक्का ताडोब्याला. १९५५ साली झालेलं हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प, आणि तिथली सफारी म्हणजे उघडी जिप्सी. या जिप्स्यांत आणखी एक प्रकारची उंची आहे: मागच्या सीटी पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेल्या, म्हणजे मागच्या माणसालाही वाघ दिसावा. सस्पेन्शनला हात न लावता गुरुत्वमध्य वर गेलेला. आतमध्ये वेग ताशी वीसच्या आसपास बांधलेला असतो म्हणून ते निभावतं. त्याच गाड्या गेटबाहेर मोहर्ली ते चंद्रपूर डांबरी रस्त्यावर धावतात तेव्हा वीसचं बंधन नसतं.

२०२३ साली पाच दारांची जिम्नी आली. तिच्यात पुढे-मागे ब्रेक किती वाटायचा हे चाकांच्या वेगावरून ठरतं. प्रत्येक चाकाला सेन्सर, मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त घसटायला लागलं की कॉम्प्युटर तिथला दाब कमी करतो. अंतरावरून वजनाचा अंदाज नाही, थेट घसटणंच मोजायचं. गाडी उचला, पाटे वाढवा, या हिशेबाला फरक पडत नाही, कारण तो उंची विचारतच नाही. १९४१ ला सिलिंडरच्या मापात कोरलेलं गणित, मग दांडीवरचं गणित, आता सॉफ्टवेअरमधलं. माझ्या धंद्याची ही एक गोष्ट मला मनापासून आवडते.

चॅसिस आणि ॲक्सलच्या मधला रबरी होज मात्र जिम्नीतही आहे, आणि शिवाय आता त्याच्याशेजारून सेन्सरची वायर जाते. तिचीही लांबी कारखान्याने मूळ उंचीला धरूनच ठेवली आहे.